इसे जिंगूला जाताना: आधी गेकू, मग नाइकू

इसेच्या मुख्य मंदिराशी पोचायला खडीवरून पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं, मग दगडी पायऱ्या चढाव्या लागतात, आणि वर गेल्यावर समोर येतो एक पांढरा पडदा. मूर्ती दिसत नाही, दिवा दिसत नाही, वाजवायला घंटा नाही, तीर्थ-प्रसाद नाही. पडद्यामागे एकात एक अशी लाकडी कुंपणं आणि त्यांच्यावरून डोकावणारं गवताचं छप्पर, एवढंच नजरेला पडतं. हे आधी ठाऊक नसलेला माणूस पाच मिनिटांत मागे फिरतो आणि 'क्योतोची देवळं बघा, इसेत काही नाही' असं दहा जणांना सांगतो. आपण गाभाऱ्याकडे डोळे लावून चालतो, कारण आपलं दर्शन तिथे असतं. इसेत दर्शन वाटेवरच सुरू झालेलं असतं: पुलावर, पाण्यापाशी, खडीच्या आवाजात. म्हणून इथे क्रमाला फार महत्त्व आहे, आणि हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे.

आधी थोडी ओळख

जपानच्या मिए प्रांतातल्या इसे शहरात हे देवस्थान आहे. त्याचं अधिकृत नाव नुसतं 'जिंगू'. एवढ्या नावावरच ते ओळखलं जातं. जिंगू म्हणजे एक मंदिर नव्हे. लहानमोठी मिळून १२५ देवस्थानं त्यात येतात. त्यांतली मुख्य दोन. नाइकू, म्हणजे आतलं, हे सूर्यदेवता अमातेरासू ओमिकामीचं. परंपरा सांगते की सुमारे २००० वर्षांपूर्वी सुइनिन सम्राटाच्या काळात राजकन्या यामातोहिमे देवीसाठी जागा शोधत देशभर फिरली आणि इसुझु नदीच्या काठी थांबली. (ट्रकवर दिसणारं इसुझु हे नाव याच नदीवरून घेतलेलं आहे.) गेकू, म्हणजे बाहेरचं, हे तोयोउके ओमिकामीचं. अन्न, वस्त्र आणि निवारा देणारी ही देवता. युर्याकू सम्राटाच्या काळात, सुमारे १५०० वर्षांपूर्वी, अमातेरासूच्या जेवणाची व्यवस्था पाहण्यासाठी तिला इथे आणलं, अशी श्रद्धा आहे.

दोन्ही ठिकाणांत चार-पाच किलोमीटरांचं अंतर आहे. आधी गेकू आणि मग नाइकू हा रिवाज जिंगूच्या उत्सवांतही पाळतात: अगोदर गेकूचा विधी, नंतर नाइकूचा. भाविकही तसंच करतात. एकाच ठिकाणी जाऊन परतणं याला जपानीत 'काता-माइरी' म्हणतात, म्हणजे अर्धी यात्रा. पर्यटक कंपन्यांच्या बस बहुतेकदा नाइकूलाच थांबतात. तुम्ही स्वतः जात असाल तर अर्धी यात्रा करायचं काहीच कारण नाही.

वेळ ठरवणं

दोन्ही देवस्थानांत प्रवेश विनामूल्य आहे आणि दोन्ही पहाटे ५ वाजता उघडतात. बंद होण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते: ऑक्टोबर ते डिसेंबर संध्याकाळी ५, जानेवारी ते एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये ६, मे ते ऑगस्टमध्ये ७. नववर्षाच्या दिवसांत वेळा वेगळ्या असतात.

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. क्योतो किंवा ओसाकाहून सकाळी उशिरा निघून इसेला दुपारी पोचायचं, जेवायचं, गेकू करायचं आणि नोव्हेंबरच्या दिवसात चार वाजता नाइकूच्या पुलावर यायचं. पाचला दरवाजे बंद, झाडीत अंधार चारपासूनच दाटायला लागतो, आणि उरलेली यात्रा धावपळीत जाते. गेकूला दीड तास, नाइकूला दोन ते अडीच तास आणि मधला प्रवास व रांग धरून अर्धा-पाऊण तास, असा हिशेब ठेवा. एकाच दिवसात जाऊन यायचं असेल तर साडेदहाच्या आत इसेत हवं.

आमचा आग्रह मात्र एक रात्र तिथे राहण्याचा आहे. इसेशी स्टेशनच्या आसपास साधी हॉटेलं आहेत आणि गेकू तिथून पायी पाच मिनिटांवर. पहाटे साडेपाचला गेकूत शिरलं की खडीवर तुमच्याच पावलांचा आवाज ऐकू येतो. दहानंतर तोच रस्ता गर्दीने भरलेला असतो.

टाळण्याचे दिवस: १ जानेवारीपासूनचा पहिला आठवडा आणि मे महिन्याच्या सुरुवातीची जोडसुट्टी. दर महिन्याच्या १ तारखेलाही गर्दी असते, कारण सरलेल्या महिन्याचे आभार मानायला त्या दिवशी भल्या पहाटे जाण्याची प्रथा इथे आहे. पण १, ११ आणि २१ तारखेला सकाळी आठच्या सुमारास देवस्थानाचा घोडा झूल घालून मुख्य मंदिरासमोर नमस्काराला नेतात. तो पाहायचा असेल तर गर्दी सोसा.

पोचायचं कसं

नागोयाहून किंतेत्सू कंपनीच्या लिमिटेड एक्स्प्रेसने साधारण एक तास वीस मिनिटं लागतात, ओसाकाच्या नांबाहून पावणेदोन तास, क्योतोहून सुमारे दोन तास. या गाडीला दोन तिकिटं लागतात: एक अंतराचं आणि दुसरं जलद गाडीच्या आरक्षित जागेचं. नुसतं अंतराचं तिकीट काढून चढलात तर उरलेले पैसे गाडीत भरावे लागतात. आणि हे नीट लक्षात ठेवा: जेआर (जपान रेल्वे) पास किंतेत्सूवर चालत नाही. पास असेल तर नागोयाहून जेआरची 'मिए' ही जलद गाडी घ्या, दीड तासाच्या आसपास लागेल. मात्र मधला एक तुकडा इसे रेल्वे या वेगळ्या कंपनीचा असल्याने त्याचे थोडे पैसे पासधारकालाही वेगळे द्यावे लागतात.

उतरायचं इसेशी स्टेशनवर. नकाशात नाइकूच्या जवळ इसुझुगावा स्टेशन दिसतं, पण तिथे उतरलात तर गेकू मागे राहतं आणि क्रम उलटा होतो.

घरातून निघण्यापूर्वी

जवळच्या नात्यात मृत्यू झाला असेल तर शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, रिवाजाप्रमाणे ५० दिवस देवस्थानात पाऊल ठेवत नाहीत. परदेशी पाहुण्याला कुणी विचारणार नाही. पण सुतकाची कल्पना आपल्या घरातली आहे, तेव्हा पाळायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं.

कपडे साधे, नीटनेटके. बूट काढायचे नाहीत. सगळं चालणं उघड्यावरचं आहे. उंच टाचा मात्र नकोत, कारण खडी जाड आणि सैल आहे, टाच रुतते आणि पाय मुरगळतो. चाकांची बॅग खडीवर ओढता येत नाही. ती स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवा. बाबागाडी ढकलताना दम लागतो. चाकाची खुर्ची लागणाऱ्यांनी प्रवेशाजवळच्या रक्षकांच्या चौकीत विचारावं, तिथे खुर्च्या मिळतात. नाइकूच्या मुख्य मंदिराला मात्र शेवटी पायऱ्याच आहेत.

नारळ, हार, उदबत्ती, पेढे यांतलं काही नेऊ नका. स्वीकारण्याची जागाच नाही. सुटी नाणी ठेवा. ५ येनला जपानीत 'गो-एन' म्हणतात आणि त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ 'ऋणानुबंध' असा होतो, म्हणून ते नाणं लोक आवडीने वाहतात. देवस्थानाने रक्कम ठरवलेली नाही.

गेकू

मुख्य प्रवेशाशी एक छोटा पूल आहे, हियोकेबाशी. नावाचा अर्थ 'आग अडवणारा'; गावातली आग आत येऊ नये म्हणून खोदलेल्या चरावरचा हा पूल. इथून पुढे वाटेच्या डाव्या कडेने चालायचं. गेकूत डावी, नाइकूत उजवी, असा शिरस्ता आहे. हात धुण्याची जागा गेकूत डावीकडे आहे आणि नाइकूत उजवीकडे, हे त्यामागचं कारण सांगतात. वाटेचा मधला भाग देवासाठी सोडतात.

हात धुण्याचा विधी 'तेमिझु'. लाकडी पळी उजव्या हातात घ्या आणि एकदाच पूर्ण भरा. डाव्या हातावर थोडं पाणी. पळी डाव्या हातात घेऊन उजव्या हातावर. परत उजव्या हातात घेऊन डाव्या तळव्यात थोडं पाणी ओता आणि त्याने चूळ भरा. डावा हात पुन्हा धुवा. शेवटी पळी उभी धरा म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळून तो धुतला जाईल, मग पालथी ठेवा. हे सगळं एका पळीत बसवायचं असतं. पहिल्याच हातावर अर्धी पळी रिकामी झाली की शेवटाला पाणी उरत नाही, म्हणून सुरुवातीपासून जपून. पळीला तोंड लावायचं नाही आणि चूळ कुंडात टाकायची नाही, समोरच्या खालच्या पन्हळीत टाकायची. पळ्या ठेवलेल्या नसतील तर वाहत्या धारेखाली हात धुवा, पुरे.

पुढे पहिलं तोरिई. दोन खांब, वर दोन आडव्या तुळया, रंग नाही. जपानची म्हणून जी लाल-केशरी कमान आपण चित्रांत पाहतो ती इथे शोधू नका. इसेत लाकूड उघडंच ठेवतात. खांबांना साकाकी या सदाहरित झाडाच्या डहाळ्या बांधलेल्या दिसतील. तोरिईखालून जाण्याआधी थांबा, किंचित वाका, मग पुढे. टोपी आणि गॉगल इथेच उतरवा.

दुसऱ्या तोरिईनंतर कागुरा, म्हणजे देवापुढच्या नृत्याचं, सभागृह, आणि पुढे मुख्य मंदिर, 'शोगू'. रांग असेल तर शांत उभे रहा. पाळी आली की समोर जमिनीवर अंथरलेलं पांढरं कापड दिसेल. नाणं त्यावर अलगद सोडा. इथे दानपेटी नाही. पूर्वी सम्राटाखेरीज कुणालाही इथे अर्पण करण्याची मुभा नव्हती आणि पेटी नसणं ही त्याचीच खूण आहे.

नमस्काराची पद्धत: कमरेतून दोनदा खोल वाका. हात छातीसमोर जोडा, उजवा तळवा बोटाच्या पेराएवढा खाली सरकवा आणि दोन टाळ्या वाजवा. तळवे पुन्हा नीट जुळवून प्रार्थना करा. शेवटी एकदा खोल वाका. तळवा खाली सरकवला की टाळी घुमते. सपाट हातांनी ती फुसकी निघते. अनेक जपानी भाविक मनात आधी आपलं नाव आणि गाव सांगतात, आपण संकल्पात नाव-गोत्र सांगतो तसं.

आता सगळ्यात महत्त्वाचा संकेत. शोगूसमोर स्वतःसाठी काही मागत नाहीत. परीक्षा, नोकरी, लग्न, काही नाही. इथे फक्त आभार मानायचे. मागणं मागायला पुढची देवस्थानं आहेत.

गेकूत ती जागा म्हणजे तागा-नो-मिया. शोगूवरून मागे येऊन दगडी पुलावरून ९८ पायऱ्या चढल्या की हे देऊळ येतं. तोयोउके देवतेचं तडफदार, कार्य घडवून आणणारं रूप इथे पूजलं जातं, नवस-मागणं इथे. पायऱ्या उतरल्यावर खाली त्सुची-नो-मिया (भूमीचं) आणि काझे-नो-मिया (वाऱ्याचं) आहेत. गुडघे दुखत असतील तर खालच्या दोघांना नमस्कार करून थांबा.

शोगूजवळच्या वाटेत दोरीने वेढलेले तीन दगड दिसतात आणि त्यांच्यावर हात धरून उभी माणसंही दिसतात. 'शक्ती मिळते' हा त्या माणसांचा समज. ही मुळात पुनर्बांधणीच्या वेळी शुद्धीचा विधी करण्याची जागा आहे, तेवढ्याच आदराने तिच्याकडे पाहावं.

गेकूतली सगळ्यात हृद्य गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. दिवसातून दोनदा इथे देवांना जेवण वाढतात: एप्रिल ते सप्टेंबर सकाळी ८ आणि दुपारी ४, ऑक्टोबर ते मार्च सकाळी ९ आणि दुपारी ३. भात, मासे, समुद्री वनस्पती, भाज्या, फळं, मीठ, पाणी आणि साके, म्हणजे तांदळाचं मद्य. यासाठीचा अग्नी रोज लाकडावर लाकूड घासून पेटवतात, पाणी ठरलेल्या पवित्र विहिरीचं, मीठ जवळच्या फुतामी गावात देवस्थानाने स्वतः तयार केलेलं, तांदूळ देवस्थानाच्या शेतातला. परंपरेनुसार सुमारे १५०० वर्षं हा नैवेद्य चालत आला आहे. विधी आत होतो, पण वेळेच्या थोडं आधी शोगूच्या आसपास असलात तर पांढऱ्या वस्त्रातले पुजारी लाकडी पेट्या घेऊन जाताना दिसू शकतात. तेव्हा बाजूला सरून वाका आणि कॅमेरा खाली ठेवा.

बाहेर पडताना मागातामा तळ्याकाठचं सेंगूकान हे संग्रहालय पाहाच. आत जे दिसत नाही ते इथे दिसतं: गेकूच्या मुख्य मंदिराचा एक भाग मूळ आकारात बांधून ठेवला आहे. ही इमारत पाहिल्यावर नाइकूतला पडदा कोरा वाटत नाही.

एका देवळाच्या दोन जागा

शोगूच्या शेजारी तेवढ्याच मापाचं मोकळं, खडी पसरलेलं पटांगण आहे आणि मधोमध एक इवलीशी लाकडी खोपी. ही रिकामी जागा नव्हे. पुढच्या मंदिराची जागा आहे. दर २० वर्षांनी इथे शेजारच्या जागेवर जसंच्या तसं नवं मंदिर बांधतात, रात्रीच्या अंधारात देवता तिकडे नेतात आणि जुनं उतरवतात. याला 'शिकिनेन सेंगू' म्हणतात. पहिलं नाइकूत इ.स. ६९० मध्ये झालं, गेकूत ६९२ मध्ये. यादवीच्या काळात १२० वर्षांहून अधिक खंड पडला, पण परंपरा पुन्हा उभी राहिली. ६२ वं सेंगू ऑक्टोबर २०१३ मध्ये झालं, ६३ वं २०३३ मध्ये आहे आणि त्याचे विधी २०२५ पासून सुरू झाले आहेत.

२० वर्षंच का, याचं उत्तर इमारत पाहिली की अर्धं कळतं. हिनोकी लाकडाचे खांब पायाच्या दगडाविना थेट जमिनीत रोवलेले, छप्पर गवताचं, लाकडाला रंग नाही. इसेचा पाऊस भरपूर. असं बांधकाम दीर्घकाळ टिकत नाही. दुसरं अर्धं उत्तर कारागिरांचं: २० वर्षांनी विशीतला शिकाऊ चाळिशीत मुख्य सुतार होतो आणि साठीत शिकवायला बसतो. लाकडाबरोबर देवतेची वस्त्रं, शस्त्रं, सामानही नव्याने घडतं, एकूण ७१४ प्रकारच्या १५७६ वस्तू. आपल्याकडे देऊळ जीर्ण झालं की जीर्णोद्धार होतो. इसेत जीर्ण होण्याची वाटच पाहत नाहीत.

जुनं लाकूड टाकून देत नाहीत. नाइकूच्या उजी पुलाच्या दोन्ही टोकांची तोरिई मुख्य मंदिरांच्या आढ्याला आधार देणाऱ्या जुन्या खांबांतून केलेली असतात: बाहेरचं गेकूच्या, आतलं नाइकूच्या. आणखी २० वर्षांनी तेच लाकूड कुवाना आणि सेकी या जुन्या वाटेवरच्या गावांत तोरिई म्हणून उभं राहतं. हिनोकी सध्या मुख्यतः किसोच्या डोंगरातून येतो, पण देवस्थानाच्या स्वतःच्या सुमारे ५५०० हेक्टर जंगलात १९२३ पासून २०० वर्षांची योजना आखून झाडं वाढवली जात आहेत.

छपराकडे पाहताना एक खूण ध्यानात ठेवा. टोकांना इंग्रजी एक्ससारख्या फुलीत वर गेलेल्या फळ्या म्हणजे चिगी, आणि आढ्यावर आडवे ठेवलेले ओंडके म्हणजे कात्सुओगी. गेकूच्या चिगीचं टोक उभं कापलेलं आणि ओंडके ९. नाइकूचं टोक आडवं सपाट आणि ओंडके १०. फोटो कुठला हे यावरून लगेच ओळखता येतं.

नाइकू

गेकूसमोरच्या थांब्यावरून ५१ किंवा ५५ क्रमांकाची बस घ्या. पंधरा-वीस मिनिटांत नाइकू येतं. सुट्टीच्या दिवशी नाइकूजवळच्या रस्त्यावर गाड्या खोळंबतात, तेव्हा दुप्पट वेळ धरा.

बसमधून उतरलं की समोर उजी पूल, १०१.८ मीटर लांब, हिनोकीचा. तोरिईसमोर वाका आणि उजव्या कडेने चाला. हाही पूल दर २० वर्षांनी नवा होतो. आत्ताचा २००९ चा आहे. हिवाळ्यातल्या सर्वात लहान दिवसाच्या आसपास सूर्य नेमका तोरिईच्या मधून उगवतो, म्हणून डिसेंबरमध्ये तिथे कॅमेऱ्यांची रांग लागते. पुलावर मधोमध थांबून फोटो काढू नका, मागून येणाऱ्यांची वाट अडते. स्वच्छतागृहाचं काम पूल ओलांडण्याआधी उरका.

पुलापलीकडे बाग, मग पहिलं तोरिई, आणि उजवीकडे उतरत जाणारा दगडी काठ: इसुझु नदी. पन्हळीशी तेमिझु करता येतो, पण नाइकूत आलात तर नदीवरच हात धुवा. हा दगडी काठ १६९२ मध्ये शोगुन (लष्करी शासक) तोकुगावा त्सुनायोशीच्या आईने, केइशोइनने, बांधून दिल्याचं सांगतात. उकिडवं बसून हात बुडवा, तेवढंच. पाय सोडायचे नाहीत आणि तळाशी चमकणाऱ्या नाण्यांत भर घालायची नाही. पावसात दगड निसरडे होतात, आणि नदी फुगली की काठ बंद ठेवतात. मग पन्हळीकडे जा. काठाशेजारीच नदीच्या देवतेचं, ताकिमात्सुरीचं, छप्पर नसलेलं ठाणं आहे. स्थानिक लोक इथे आधी वर्दी देऊन मगच पुढे जातात.

दुसरं तोरिई, कागुरा सभागृह, आणि पुढे देवदारांसारख्या उंच सुगी झाडांमधली वाट. काही बुंध्यांना बांबूच्या पट्ट्या गुंडाळलेल्या दिसतील. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातांनी साली झिजल्या म्हणून ही सोय. झाडांना हात लावू नका.

मग डावीकडे दगडी पायऱ्या. फोटो पायऱ्यांच्या खालूनच. पहिल्या पायरीनंतर फोन खिशात; वर रक्षक उभे असतात आणि सौम्यपणे पण ठामपणे अडवतात. गेकूतही मुख्य मंदिराच्या बाहेरच्या कुंपणाच्या आत हाच नियम.

वर पोचलात की पांढरा पडदा. त्यामागे परंपरेनुसार अमातेरासूचं प्रतीक असलेला आरसा, याता-नो-कागामी, कुणाच्याही नजरेला न पडता ठेवलेला आहे. दोनदा वाका, दोन टाळ्या, आभार, एकदा वाका. कधी वाऱ्याने पडदा उचलला जातो आणि आतली खडी आणि पुढचं दार क्षणभर दिसतं. भाविक याला देवीने केलेलं स्वागत मानतात. त्यासाठी मात्र पडद्यासमोर ताटकळू नका. बाजूला सरून उभं राहिलं तर कुणाची हरकत नसते. प्रदक्षिणा नाही; वाट घालून दिलेली आहे, तिनेच उतरा.

मागणं मागायला आता आरामात्सुरी-नो-मिया. वाटेतल्या पायऱ्यांवर 'न तुडवायचा दगड' आहे. त्यावरची भेग 'आकाश' या अर्थाच्या चिनी अक्षरासारखी दिसते, म्हणून लोक त्याला वळसा घालतात. आरामात्सुरी हे अमातेरासूच्या तडफदार रूपाचं देऊळ, नाइकूच्या दुय्यम देवस्थानांत पहिलं. इथली इमारत शोगूपेक्षा पुष्कळ जवळून दिसते. चिगी, ओंडके, जमिनीत रोवलेले खांब, सगळं इथे निरखा.

परतताना पूल ओलांडून काझाहिनोमी-नो-मिया करा, वारा-पावसाचं देऊळ. १२७४ आणि १२८१ मध्ये मंगोलांची आरमारं जपानवर चालून आली तेव्हा उठलेलं वादळ इथल्या देवतेने धाडलं असं मानून १२९३ मध्ये या देवळाचा दर्जा वाढवला गेला. इथे गर्दी कमी असते. परतीच्या वाटेवर घोड्यांचा तबेला आहे आणि आवारात मोकळे फिरणारे कोंबडे दिसतात. अमातेरासू गुहेत दडून बसली आणि जग अंधारलं, तेव्हा तिला बाहेर काढायला कोंबडे आरवले, ही कथा त्यांच्यामागे आहे. त्यांना खायला घालू नका.

ताईत, शिक्के आणि विशेष पूजा

कागदाच्या चिठ्ठीवरचं भविष्य, ओमिकुजी, इसेत मिळत नाही. इथे येण्याचा दिवस शुभच, मग भविष्य कशाला पाहायचं, असं म्हणतात. ताईत, म्हणजे ओमामोरी, कागुरा सभागृहाशेजारी मिळतात. जपानी लोक त्यासाठी 'विकत घेणं' हा शब्द वापरत नाहीत, 'स्वीकारणं' म्हणतात.

गोशुइन, म्हणजे भेटीची मोहर, इथे अगदी साधी: लाल शिक्का आणि तारीख. झोकदार सुलेखनाची अपेक्षा ठेवणारे हिरमुसतात. वही नवी असेल तर पहिलं पान इसेसाठी कोरं ठेवण्याची प्रथा आहे. मोहर नमस्कारानंतर घ्यायची, आधी नाही.

बाहेरच्या कुंपणाच्या आत जाऊन नमस्कार करण्याची सोय सेंगूसाठी देणगी देणाऱ्यांना मिळते. त्यासाठी पुरुषांना सूट-टाय आणि स्त्रियांना तशाच तोडीचा औपचारिक वेश लागतो. जीन्स आणि टी-शर्टात आलेल्यांना परत पाठवतात.

खाणं, विशेषतः शाकाहारी मंडळींसाठी

पूल ओलांडून बाहेर आलं की उजव्या हाताला ओहाराइमाची ही सुमारे ८०० मीटरची जुन्या धाटणीची गल्ली, आणि तिच्या मध्यावर १९९३ मध्ये वसवलेलं ओकागे योकोचो. दुकानं संध्याकाळी पाचच्या सुमारास मिटायला लागतात, तेव्हा जेवण दुपारीच. घरांच्या दारांवर वर्षभर टांगलेले गवती दोर पाहायला विसरू नका; जपानमध्ये इतरत्र ते फक्त नववर्षाला लावतात.

इसे उदोन म्हणजे जाड, मऊ शेवया आणि थोडासा काळपट रस. ताटात मांस दिसत नाही म्हणून शाकाहारी माणूस बिनधास्त मागवतो, पण त्या रसात माशांचा अर्क असतो. तेकोने-झुशी तर उघडच माशाची. निर्धास्त खाण्यासारखं म्हणजे आकाफुकू: मऊ मोचीवर गोड लाल अझुकीचं पुरण. मोची चिकट तांदळाची, पुरण साखरेचं. पुरणावरच्या तीन रेघा म्हणजे इसुझुचा प्रवाह आणि खालची पांढरी मोची म्हणजे नदीतले गोटे. हे दुकान १७०७ पासूनचं. मुख्य शाखा पहाटे पाचलाच उघडते, म्हणजे पहाटे दर्शन करणाऱ्यांची न्याहारी इथे होते. पोटभर जेवण हवं असेल तर नागोया किंवा ओसाकाहून काहीतरी सोबत आणलेलं बरं, पण ते देवस्थानाच्या आवारात खायचं नाही.

आकाफुकूचा डबा घरी न्यायचा मोह होतो. त्यात टिकण्यासाठी काही घातलेलं नसतं. उन्हाळ्यात दोन दिवस, हिवाळ्यात तीन, की मोची दगडासारखी होते. मुंबई-पुण्याला परतायला अजून आठवडा असेल तर दोन-तीन नगांची बशी तिथेच, नदीकडेच्या पडवीत बसून, गरम चहाबरोबर संपवा.